काठावरची खाच

मला घरात संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. आमचे हे, श्रीपाद, उभा जन्म चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होते. लोखंडातला केसाएवढा तडा त्यांना दिसायचा, पण घरातलं म्हणून काही कधी दिसलं नाही. तेव्हा एकाने तरी डोळे उघडे ठेवायला नकोत का?

तर आमच्या ड्रमच्या काठाला खाच कोण पाडतंय, हे शोधून काढायचंच असं मी ठरवलं होतं. आधीपासून सांगते.

ओवी, आमची एकुलती एक, ड्रम वाजवते. इंजिनिअरिंग केलं, वर्षभर नोकरी केली, ती सोडली आणि मारुंजीच्या सोसायट्यांमधल्या पोरांना ड्रम शिकवायला लागली. तेव्हा तिचे बाबा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. पेपर वाचत बसले. यंदा तिला बंगळूरच्या एका संगीतशाळेने बोलावलं. शिकवायचं, शिवाय त्यांच्या बँडमध्ये वाजवायचं. पोरगी हरखून गेली अगदी. बाबा म्हणाले, "बघू."

त्याच सुमाराला तिने पिंपरीतल्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राच्या गोडाऊनमधून जुना ड्रम सेट उचलून आणला. पन्नास वर्षांचा तरी असेल. लाकडाचा नाही, अॅक्रिलिकचा, आरपार दिसणारा. रंग काकवीचा. म्हणजे असावा, कारण वर धूळ आणि चिकटपट्टीचा डिंक एवढा होता की मी तो जिन्यातच ठेवायला लावला. दोन ठिकाणी तडे, स्क्रू गंजलेले. "हा दुरुस्त करणार आणि बंगळूरला घेऊन जाणार," ओवी म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, भंगारवाल्यानेसुद्धा नाक मुरडलं असतं.

ओवी थिनरची बाटली घेऊन पुसायला बसली आणि काय आश्चर्य, हे पेपर टाकून उठले. बाटली काढूनच घेतली तिच्या हातातून. "थिनर लावलास तर सगळीकडे बारीक चिरा पडतील. साबण आणि पाणी घे." झालं, त्या दिवसापासून आमचा हॉल म्हणजे वर्कशॉप. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या टोकाशी बारीक भोक पाड, मग तो चिकटव, स्क्रू भोसरीला प्लेटिंगला टाक, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घास. रोज संध्याकाळी बापलेक मांडी घालून घासत बसायचे आणि बोलायचे. काय काय बोलायचे! यांच्या पहिल्या साहेबाचे किस्से मी लग्नानंतर एवढ्या वर्षांत ऐकले नव्हते, ते स्वयंपाकघरातून ऐकले. बरं वाटायचं. आणि खोटं कशाला बोलू, थोडा संशयही यायचा. हा माणूस एवढं बोलतो?

ओवीने एक नियम करून ठेवला होता. कंपनीत क्वालिटीने पास केल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही ना, तसं बाबा पास म्हणतील तेव्हाच टेम्पो बोलवायचा. यांनी तो नियम फारच मनावर घेतला. आमच्या काचेच्या डायनिंग टेबलावर ड्रम उपडा ठेवायचे आणि काठाखालून गेजची कागदासारखी पातळ पत्ती सरकवायचे. पत्ती आत गेली की काठ सपाट नाही, वरचं पान, म्हणजे वाजवायचा पडदा, नीट बसणार नाही, आवाज भरडा येणार. रिजेक्ट! पुन्हा घासा. आम्ही आपले ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो.

एकेक करून सगळे ड्रम पास झाले. राहिला मोठा टॉम, म्हणजे उजव्या हाताला पायांवर उभा राहतो तो. तो काही केल्या पास होईना. रविवारी संध्याकाळी काठ आरशासारखा असायचा, मी स्वतः बोट फिरवलेलं, आणि दोन दिवसांनी तपासला की कुठेतरी नखाएवढी खाच. "रिजेक्ट," हे म्हणायचे. ओवी पॉलिश पेपर भिजवायला घ्यायची. तिकडे शाळेकडून तिने एकदा मुदत वाढवून घेतली, दुसऱ्यांदा घेतली. आता एक तारखेला हजर व्हा, नाहीतर दुसरा माणूस बघतो, असं त्यांनी साफ सांगितलं.

खाच आपोआप पडते का हो? मला काय दूधखुळी समजलात?

पहिला संशय खालच्या मजल्यावरच्या रणजीतवर. ज्यांच्या शेतावर आमची सोसायटी उभी आहे त्या मोशीच्या जुन्या घराण्यातला तो. निघोज्याच्या कंपनीत रात्रपाळी करतो आणि दिवसा झोपतो. ड्रम आणला त्याच दिवशी वर आला होता. "काकू, आमी दिवसाचं झोपतो, जरा बघा." आणि आमची जादा किल्ली त्याच्या आईकडे! मी जाऊन किल्ली मागून घेतली. त्याला कळलंच. "काकू, मला काय करायचं हाय तुमच्या ढोलाशी? व्हय, आवाजाचं बोललो व्हतो. पण ढोल वाजलाय कुठं अजून?" ते खरंच होतं. किल्ली घरी आली आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा खाच.

मग अंबूबाई. पोछा मारताना दांडा लागत असेल. विचारलं तर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ताई, त्याला मी हात लावत न्हाई. साहेबांनी मना केलंय. तुमचा इश्वास नसंल तर उद्यापास्नं येत न्हाई." तिची समजूत घालता घालता माझ्या नाकी नऊ आले.

मग राहिलं कोण? माझा संशय सरळ ओवीवर गेला. पोरगी अलीकडे गप्प होती. फोन आला की बाल्कनीत जाऊन दार ओढून घ्यायची. बंगळूरचं नाव काढलं की विषय बदलायची. मला वाटलं, हिचाच पाय निघत नाही. कोणी मुलगा असेल इथे, नाहीतर हिंमत गेली असेल, आणि सांगायची लाज वाटते म्हणून दुपारी बसून आपल्याच हाताने काठ बिघडवते. एवढी चालून आलेली संधी, आणि ही कपाळकरंटी लाथाडतेय!

सोमवारी मी जरीची साडी नेसले. चाकणला बहिणीकडे सत्यनारायण आहे म्हणून दोघांना सांगितलं आणि बाहेर पडले. देवाचं नाव घेऊन खोटं बोलले, देव बघून घेईल. बस स्टॉपवर थोडा वेळ उभी राहिले आणि परत फिरले. लॅच अलगद उघडलं.

ओवी घरात नव्हतीच. हे होते. टॉम मांडीवर घेतलेला, लहान बाळाला घेतात तसा, आणि हातात बारीक कानस. चष्मा कपाळावर. अगदी जपून, एका जागी, दोनदा कानस ओढली. मग त्यावर बोट फिरवून बघितलं.

"अहो!"

कानस खाली पडली.

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं! मी त्या गरीब पोराकडून किल्ली काढून घेतली, अंबूबाईच्या पाया पडायचंच बाकी राहिलं, आणि तुम्ही? तुम्ही?"

"हळू बोल." ड्रम मांडीवरून उतरवायचंही त्यांना सुचलं नाही. "पास केला की ती जाईल, पद्मा."

"जाईलच! जायलाच हवं तिने!"

"ती लहान होती तेव्हा मी निघायचो तेव्हा झोपलेली आणि यायचो तेव्हाही झोपलेली. पुढे मोठी झाली, तर माझ्याशी काय बोलायचं ते तिला कळेना आणि मलाही कळेना. आता रोज बोलते गं. आणखी थोडे दिवस, एवढंच म्हणत होतो. दर वेळी एवढंच."

त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले. जीव तुटला माझा त्या माणसासाठी, आणि मेला रागही तेवढाच आला. "तिला विचारलंत? शाळा थांबेल का, तिला काय हवंय? तोंड उघडून बोललात एकदा तरी?" मी बजावलं, आज संध्याकाळी पास करायचा, नाहीतर मी सगळं सांगणार.

संध्याकाळी ओवी आली. यांनी टॉम टेबलावर उपडा ठेवला, पत्ती काढली, एकाच बाजूने फिरवली आणि म्हणाले, "ओके. पास."

ओवी वाकली, टॉमच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि बरोबर त्या जागेवर बोट ठेवलं. "इथे खाच आहे, बाबा."

"चालेल एवढी."

"चालेल? तुम्ही म्हणताय?"

मी मध्ये पडणार होते, पण हेच म्हणाले, "मी केली ती. आधीच्या पण मीच."

"माहितीये. आपटल्याची खूण वेगळी आणि कानशीची वेगळी, तुम्हीच शिकवलंत."

"अगं मग बोलली का नाहीस?" मी ओरडले.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. "मला वाटलं, थांबतील आपणहून. वाट बघत होते मी, बाबा. नोकरी सोडली तेव्हाही बघत होते. तुम्ही एकदा नुसतं जा म्हणाला असतात ना, तर मी अशीच गेले असते. फुटक्या सेटसकट."

"मग जा ना आता!" मी म्हटलं. "एक तारखेला अवकाश आहे अजून. मी बोलवते टेम्पो."

"शुक्रवारी फोन आला त्यांचा. दुसऱ्याला घेतलंय त्यांनी. तो लगेच हजर झाला."

शुक्रवारी. आणि शनिवारी, रविवारी ही पोरगी मांडी घालून बापाशेजारी घासत बसली होती, हसतसुद्धा होती. मला, एवढ्या संशयी बाईला, पत्ता लागला नाही.

हे खुर्चीवर बसले, पुन्हा उठले. "ओवी, मी त्यांच्याशी बोलतो. माझी चूक आहे, मी सांगतो त्यांना."

"नको, बाबा."

तिने टॉम उचलला. खाचेसकट त्यावर पान बसवलं, कडं चढवलं, समोरासमोरचे स्क्रू एकेक करून आवळले आणि तो हॉलमधल्या बाकीच्या ड्रमशेजारी उभा केला. मग स्टुलावर बसून काठ्या घेतल्या. कधी नव्हे तो सेट सगळा जागेवर लागला होता आणि ट्यूबलाइटच्या उजेडात काकवीसारखा चमकत होता. तिने वाजवायला सुरुवात केली. जोरात. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. मोठा टॉम थोडा भरडाच बोलत होता.

हे तिच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि काहीतरी म्हणाले. पुन्हा म्हणाले. ती मान खाली घालून वाजवत होती.

"जा गं," ते म्हणत होते. "तू जा."

मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं. तिला नाही.