गाडीचं डोकं

गयासुद्दीननं लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडावर दाबली आणि डोळे मिटले. बापूसाहेब वकिलांची लाल, दोन दारांची अमेरिकन गाडी धडधडत होती. हा तमाशा बघायला बापूसाहेब राजापेठेतून मित्राला, उत्तमरावांना, खास घेऊन आले होते. दोघं खुर्च्या टाकून बसले होते आणि गयासुद्दीनचा मुलगा फरदीन त्यांना चहा देत होता.

"जरा गप ऱ्हा," गयासुद्दीन म्हणाला. "अजून खोकून राहिली."

फरदीननं मान खाली घातली. त्याला हसू आवरत नव्हतं.

गाडी जुनी, आणि इंजिनाला पेट्रोल किती, ठिणगी केव्हा, हे ठरवणारा तिचा कॉम्प्युटरही तितकाच जुना. गॅरेजात त्याला डोकं म्हणत. बाप म्हणे, आहे तेच डोकं जुळवून घेऊ. मुलगा म्हणे, नवं बसवू. महिनाभर दोघांची धुसफूस चालली होती. कपाशीनं लागोपाठ दगा दिल्यापासून ट्रॅक्टरची कामं आटली होती आणि गॅरेज जगत होतं ते बापूसाहेबांसारख्या हौशी लोकांवर. अब्बांचे कान जड झालेत, त्यांनी जुळवलेल्या गाड्या आठवड्यात परत येतात, हे साऱ्या बडनेरा रोडला ठाऊक होतं, फक्त अब्बांना सोडून. आणि सांगून ऐकतील तर ते अब्बा कसले!

म्हणून फरदीननं आदल्या दिवशी गुपचूप नवं डोकं सीटखाली बसवलं. जुना डबा जागच्या जागी ठेवला, त्याची वायर आत न जोडता नुसती दिसायला खोचून. बापूसाहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी टाळी दिली होती.

"होऊन जाऊ दे! बुढा फसला, तर माझ्या सगळ्या मित्रांच्या गाड्या तुझ्या हाती."

गयासुद्दीननं डब्याच्या कडेचा बारीक स्क्रू किंचित फिरवला. ऐकलं. पुन्हा फिरवला.

"आता लागला सूर," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका उजळला, की फरदीनला क्षणभर कसंतरीच झालं. पण समोर उत्तमराव गालात हसत होते.

"अब्बा!" फरदीन ओरडला आणि त्यानं सुटी वायर उचलून दाखवली. "हा डबा मेलेला हाय. नवं डोकं कालच बसवलं. तुमी कोणाचा सूर लावून राहिले होते?"

उत्तमरावांनी मांडीवर थाप मारली. बापूसाहेबांनी खिडकीतून हात घालून इंजिन बंद केलं, म्हणजे हसायला नीट मोकळीक मिळावी. गयासुद्दीननं वायरचं टोक मुलाच्या हातातून घेतलं, फडक्यानं पुसलं आणि पुन्हा डब्यात खोचून ठेवलं.

डोळे टिपत बापूसाहेब गाडीत बसले.

"फार दिवसांनी असा हसलो रे. पण गाडी आता अकोल्याले नेतो, धर्मपाल मेकॅनिककडे."

"काहून साहेब? तुमीच तर म्हणाले होते..."

"म्हणालो होतो. पण जो बापाले चारचौघांत असं नागडं करते, तो माझ्या गाडीले सोडीन काय?"

उत्तमरावांनी गंभीरपणे मान हलवली आणि ते शेजारी जाऊन बसले.

फरदीननं चहाचा रिकामा कप खुर्चीवर आदळला. शरमेनं नव्हे, रागानं; आपल्याला वापरून घेतलं हे त्याला आत्ता कळत होतं. तेवढ्यात गयासुद्दीन खिडकीशी आला. त्यानं छातीवर हात ठेवला.

"साहेब, माहं सोडा. मी म्हातारा झालो, उद्यापासून हात नाही लावत. पण पोराचं काम पाहा. ऐका ना, कशी मख्खन चालून राहिली."

गाडी बंदच होती.

बापूसाहेबांनी फरदीनकडे एकवार निवांत पाहिलं आणि मग किल्ली फिरवली.