डावऱ्याच्या डाव्या पायाचा फर्मा

मित्रांनो, मी एक जुना पाय आहे. दचकू नका. हाडामांसाचा नव्हे, लाकडाचा. बूट शिवणारा कारागीर आधी माणसाच्या पायासारखा एक लाकडी पाय करतो, त्याच्यावर कातडं ओढून बसवतो, तळ शिवतो आणि मग तो लाकडी पाय हळूच बाहेर काढून घेतो. आत जी जागा उरते ती तुमच्या पायाची. त्या लाकडी पायाला फर्मा म्हणतात. बूट घालणाऱ्याला तो कधी दिसत नाही, म्हणून त्याची गोष्ट कुणी ऐकावी का, अशी शंका मला स्वतःलाच येते. मला ती नीट सांगता येईल की नाही, हेही ठाऊक नाही. तरी धीर करतो.

मला मामांनी घडवलं. मामा म्हणजे माझ्या मालकाचे मामा. एका जिन्याखालच्या खोलीत त्यांचं बूट शिवण्याचं दुकान होतं. एकच खिडकी, तिच्याखाली कामाचं मेज, कातड्याचा आणि सरसाचा वास. भाचा तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होता आणि फुटबॉल खेळायचा. सगळी मुलं उजव्या पायाने चेंडू मारत, हा डाव्या पायाने, म्हणून त्याला घरीदारी सगळे ‘डावरा’ म्हणत. त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा रुंद होता. बाजारातला कोणताही बूट त्याला होत नसे.

“मामा, बूट चावतो,” असं म्हणत तो एकदा रडवेला होऊन आला.

“बूट कसला चावतोय? तूच बुटाला चावत असशील. आण पाय इकडे.”

मामांनी त्याला कागदावर उभं केलं, पायाभोवती पेन्सिल फिरवली आणि मग कित्येक दिवस कानस घेऊन ते माझ्याशी झगडत होते. डावा झालो मी, उजवा झाला माझा भाऊ. भाऊ साधा, सरळ, चारचौघांच्या पायासारखा होता. त्याच्याकडे पुन्हा कुणी निरखून पाहिलं नाही. माझं मात्र तसं झालं नाही.

डावरा मोठा झाला, मोठ्या संघांतून खेळू लागला, आणि त्याच्या डाव्या पायाला काही ना काही होत राहिलं. आधी करंगळीजवळचं हाड मोडलं आणि बाहेरच्या बाजूला वाढून जुळलं. तेव्हा तो स्टुलावर बसला आणि त्याने पाय मामांच्या मांडीवर ठेवला. मामा अंगठ्याने दाबत पुढे पुढे सरकू लागले.

“इथं?”

“नाही.”

“इथं?”

“आई गं!”

“आईला कशाला बोलावतोस? तिने तर आधीच सांगितलं होतं, खेळू नको म्हणून.”

मग मामांनी कातड्याचा एक पातळ तुकडा कापला, कडा तासल्या आणि माझ्या करंगळीजवळ सरसाने चिकटवला. आता माझ्यावर जो बूट बसेल त्यात त्या वाढलेल्या हाडाला जागा मिळणार होती. पुढे टाच सुजली, तेव्हा माझ्या टाचेवर तुकडा आला. चवड्यावर लाथ बसली, तेव्हा तिथेही आला. असा मी तुकड्यातुकड्यांनी डावऱ्याच्या पायासारखा होत गेलो. त्याचं जे दुखे ते माझ्या अंगावर येई, आणि मामांच्या बुटात त्याचं दुखणं थांबे.

मामा सामने बघत नसत. “मला धडधडतं,” म्हणायचे. सामना संपला की बूट मागवून घेत आणि त्यांचे झिजलेले तळ बघून सांगत, “उत्तरार्धात हा दमला होता. पळण्याऐवजी उभा राहून ओरडत होता.” डावरा लाजून हसे, कारण ते खरं असे.

वर्तमानपत्रांत डावऱ्याच्या पायाचं कौतुक येई. लोक दुकानात येऊन मला बघून जात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग त्याचं खेळणं संपलं. निरोपाचा सामना झाल्यावर तो काही दिवस रोज दुकानात येऊन नुसता बसायचा.

“मामा, आता काय करू?”

“लोक काय करतात? पेपर वाचतात आणि बायकोच्या कामात लुडबुड करतात.”

“तेच सुरू केलं होतं. ती म्हणते, त्यापेक्षा एखादा कारखाना काढा.”

दोघे हसले, पण त्या हसण्यातून खरंच कारखाना उभा राहिला. फुटबॉलच्या बुटांचा. डावऱ्याच्या मनात एकच होतं, की आपण लहानपणी चावरे बूट घालून जसे रडलो, तसं दुसऱ्या कुठल्या मुलाने रडू नये. मामांनी आपलं दुकान ठेवलं, पण कारखान्यातलं फर्म्यांचं काम त्यांनी बघायचं ठरलं. त्या दोघांना इतकं आनंदात मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

कारखान्यात एक यंत्र असतं. त्यात एक फर्मा अडकवतात, एक लहान चाक त्याच्या अंगावरून फिरतं आणि पलीकडे पाती तसाच दुसरा फर्मा कातून काढतात. हवा तर लहान, हवा तर मोठा, आणि आरशात दिसावा तसा उलट्या पायाचाही. म्हणजे एक फर्मा दिला की सगळ्या मापांच्या जोड्या तयार. कोणता फर्मा द्यायचा, हा प्रश्नसुद्धा कुणाला पडला नाही. मला दिलं.

यंत्रवाल्याने मला हातात घेऊन फिरवून पाहिलं. “साहेब, ही ठिगळं काढून टाकायची ना?”

“हात लावायचा नाही!” मामा आणि डावरा एकदमच ओरडले आणि एकमेकांकडे बघून हसले.

“अहो, ठिगळं काय म्हणता?” मामा म्हणाले. “यानेच तर सगळं मिळवलंय.”

“मला काय,” यंत्रवाला म्हणाला, “तुम्ही सांगाल तसं.”

तुमच्या लक्षात आलं असेल, मित्रांनो. डावऱ्याच्या एका पायाचं मोडकं हाड, सुजलेली टाच, दुखरा चवडा, हे सगळं त्या दिवशी साऱ्या मुलांच्या दोन्ही पायांसाठी घडवलं गेलं. माझा साधा, सरळ भाऊ तेव्हा दुकानातल्या मेजाखाली धूळ खात होता. त्याला यंत्रात घातलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण मामांचं भाच्यावर इतकं प्रेम होतं आणि भाच्याचा मामांच्या हातावर इतका विश्वास होता, की माझ्यात काही वावगं असेल हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

काम झाल्यावर डावऱ्याने मला घरी नेलं आणि बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, त्याने जिंकलेल्या चषकांच्या रांगेत ठेवलं. तिथून मला सगळं दिसे. बूट झपाट्याने खपले. खोक्यावर माझं चित्र होतं. पण थोड्याच दिवसांत फोन येऊ लागले. बूट आत पोकळ वाटतो. टाच सुटते. पाय बाहेरच्या बाजूला घसरतो.

“जाड मोजे घालायला सांगा,” डावरा फोनवर म्हणायचा. “मी याच बुटात आयुष्य काढलं. बूट सैल नाही, हल्लीची पोरं नाजूक आहेत.”

त्याची मुलगीही फुटबॉल खेळायची. बचावात उभी राहायची, आणि चांगली खेळायची. पहिल्या जोडांतला एक जोड त्याने तिला दिला होता. ती घरात शिरली की तो विचारायचा, “मस्त आहे ना बूट?”

“मस्त आहे, बाबा.”

“मस्त कसला?” तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “सकाळी टाचेला फोड आले म्हणून मलम कोण मागत होतं?”

“आई, गप ना गं.”

“नवा बूट आहे, सरावेल,” डावरा म्हणाला आणि खुशीत पुन्हा फोन उचलला.

तो नसताना ती कपाटासमोर बसून बुटात कापूस भरायची. करंगळीजवळच्या पोकळीत एक बोळा, टाचेपाशी एक. मग उभी राहून दोन उड्या मारून बघायची. मी काचेआड होतो. माझा आवाज काचेबाहेर गेला असता तरी मी काय बोललो असतो, कोण जाणे.

मोठ्या संघाच्या निवडीचा सामना होता त्या सकाळी ती दारात घुटमळली.

“बाबा, आजच्या दिवस मैत्रिणीचे जुने बूट घालू? तिला नवे आणलेत.”

“का? याला काय झालं?”

“काही नाही. सहजच.”

“डावऱ्याची मुलगी दुसऱ्याचे बूट घालून मैदानात उतरली, तर उद्या माझे बूट कोण घालील?” तो हसतच म्हणाला. रागावला असता तर तिने कदाचित उलट उत्तर दिलं असतं. तो हसला, म्हणून ती गेली.

दुपारी तिला संघातल्या दोघींनी उचलून घरात आणलं. धावता धावता वळताना पाय बुटात घसरला होता आणि घोटा मुरगळून आतले बंध तुटले होते. प्लास्टर घातलं होतं. निवड तर राहिलीच, पुन्हा पूर्वीसारखं पळता येईल का, हेही डॉक्टर सांगत नव्हते. डावऱ्याने तिचा बूट हातात धरला होता. तो उलटा झाला आणि कापसाचा बोळा जमिनीवर पडला. त्याने बुटात हात घातला. बोटांनी ती पोकळी चाचपली आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं.

“हा कापूस कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही ‘मस्त आहे ना’ असंच विचारायचात, बाबा.”

कपाट उघडून डावऱ्याने मला काढलं आणि तडक मामांचं दुकान गाठलं. मला मेजावर आपटलं.

“तुमच्या ठिगळांनी माझ्या मुलीचा पाय गेला, मामा.”

‘हात लावायचा नाही’ हे दोघेही म्हणाले होते, हे दोघांनाही आठवत होतं. मी त्यांच्या मधोमध पडलो होतो, मला कळत होतं. त्या क्षणी दोघांपैकी एकाने जरी ‘आपलं चुकलं’ म्हटलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. मामांनी मान खाली घातली. कातडं कापायची रापी उचलली आणि माझ्या अंगावरचा एकेक तुकडा उचकटून काढला. आधी करंगळीचा, मग टाचेचा, मग चवड्याचा. डावऱ्याने एकदा हात पुढे केला आणि मागे घेतला. सगळे तुकडे काढून झाल्यावर मामांनी ते कातरणीच्या कचऱ्यात लोटले, आणि डावरा मला तिथेच टाकून निघून गेला.

त्याने बाजारातले सगळे बूट परत घेतले. साध्या पायाचा नवा फर्मा करून घेतला आणि कारखाना पुन्हा उभा केला. आता त्याचे बूट खरंच चांगले आहेत असं म्हणतात. मुलगी काठी टाकून चालू लागली. खेळायला मात्र ती परत गेली नाही. डावरा स्वतः त्याच्याच कारखान्यातले बूट घालतो. ते सगळ्यांना होतात, फक्त त्याला होत नाहीत. तो लंगडतो.

मामा म्हातारे होत गेले. समोरचं स्टूल त्यांनी कुणाला बसायला दिलं नाही. गिऱ्हाईक टेकू लागलं की म्हणायचे, “तिकडे बसा, त्याचा पाय डगमगतो.” तो मुळीच डगमगत नव्हता. मुलगी अधूनमधून यायची. तिचा घोटा ते हातात घेऊन बघायचे, तिच्या अभ्यासाची चौकशी करायचे. भाच्याचं नाव काढायचे नाहीत. निदान दुकानात, माझ्यासमोर तरी.

मग मामा गेले. दुकान रिकामं करायला डावरा आणि मुलगी आली. मेजाखालून त्याने आम्हा दोघा भावांना बाहेर काढलं आणि मला हातात घेऊन तो उंबऱ्यावर बसला. माझ्या अंगावर सरसाचे वाळलेले डाग होते. त्यांवरून तो बोट फिरवत राहिला. खूप वेळाने म्हणाला, “त्यांनी एक हाक मारली असती ना, तर मी धावत आलो असतो गं.”

मुलगी म्हणाली, “तेही हेच म्हणायचे, बाबा. तुमच्यापुढे त्यांचं नाव काढायची मला भीती वाटायची.”

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला उपदेश करणं शोभत नाही, आणि जमतही नाही. तरी एक विनवणी करतो. तुमच्या माणसाला ‘छान आहे ना?’ असं विचारू नका. ‘कुठं दुखतं?’ असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि तुम्हाला कुणी विचारलं, तर समोरचा कितीही खुशीत असो, दुखतंय म्हणून सांगा. रुसला असाल तर हाकेची वाट बघत बसू नका, तुम्हीच जा. डावरा त्या उंबऱ्यावर तसाच बसून होता. शेवटी मुलीने त्याला हाताला धरून उठवलं, मला पिशवीत घातलं आणि दुकानाला कुलूप लावलं.