कमानीवरचा जुना फोटो

भोईवाड्यातल्या चाळीच्या गणपतीची कमान उभी राहिली आणि मालनचं डोकंच फिरलं. कमानीवर सरकारी सैन्यभरतीची भलीमोठी जाहिरात होती आणि मधोमध तिच्या हितेंद्रचा वर्दीतला जुना फोटो. आपल्या चाळीचा पोरगा म्हणून मंडळाने कौतुकाने दिलेला. सुरुंगात पाय गमावलेला तोच हितेंद्र आता वर खोलीत बसून होता.

“आताचा फोटो लाव,” ती मंडळाच्या अध्यक्षावर, शिवावर, खेकसली. “कुबड्यांसकट!”

“काकी, तो बघून भरतीला कोण जाईल?”

“सिगारेटच्या पाकिटावर सडलेलं तोंड छापायला हेच सरकार लावतं ना? तिथे पोरांची एवढी काळजी, आणि इथे माझ्या पोराचा तुटलेला पाय झाकून ठेवायचा काय रे?”