हिरव्या पाण्याचा उतारा

साखरखेर्ड्याच्या बाजारात त्या दिवशी भाजीवालेही पाट्या सोडून नाणेबाबाभोवती जमले होते. बाबाच्या हातात पांढरा चिनी मातीचा पेला, पेल्यात पाणी, तळाशी तांब्याचं जुनं नाणं. धडधाकट माणूस समोर बसला की पाणी नितळ. आजारी बसला, त्याच्यावरून लिंबू उतरवून पेल्यात पिळलं, की पाणी हळूहळू हिरवं!

"रोग उतरला नाण्यात!" बाबा गरजला. "विक्रमराजाच्या टांकसाळीतलं नाणं आहे, ढब्बू पैसा नव्हे! मास्तर, तुम्ही जुनी नाणी जमवता. सांगा, अस्सल आहे ना?"

मी इथल्या शाळेतला मास्तर. नांगराला लागलेली नाणी, राणीच्या काळातल्या एका बाजूनं कोऱ्या नोटा, सगळं पदरमोड करून जमवतो. त्या नाण्यावरचं हिरव्या गंजाचं जाड पूट पाहून मी हुरळलो. "अस्सल! हजार वर्षांचं तरी असेल!"

माझा शब्द पडताच झुंबरबाई पुढे आली. तिची सात वर्षांची गिरजा आठ दिवस तापानं फणफणत होती. बाबानं लिंबू उतरवून पिळलं. पोरगी ते हिरवं पाणी प्यायली आणि भडाभडा ओकली.

"पाहा, रोग बाहेर पडतोय!" बाबानं दुसरा पेला भरला. "आणखी एक, की पोरगी खडखडीत!"

इतका वेळ मी नाण्याकडे पाहत होतो, पोरीकडे आत्ता पाहिलं. तिनं मान टाकलेली, डोळे फिरलेले. ते हिरवं पाणी माझ्या ओळखीचं होतं! गंजलेली नाणी मी दर आदितवारी लिंबाच्या रसात घालून साफ करतो. उरलेलं पाणी कोंबड्यांच्या तोंडी लागू नये म्हणून खड्ड्यात पुरतो.

मी झडप घालून पेला धरला. तशी उकंडराव पाटलांनी माझी कॉलर पकडली.

"मास्तर, सोडा पेला! पोरगी मेली तर काय तोंड दाखवान?"

"एक लिंबू द्या मले. आन् पोरीले दूर न्या!"

एका रिकाम्या पेल्यात साधं पाणी घेऊन माझ्याच खिशातलं गंजकं नाणं टाकलं, लिंबू पिळलं. पाणी नितळच! पाटलांची पकड आवळत गेली. मग नाण्याभोवती हिरवी झाक आली, आणि हळूहळू पाणीच हिरवं झालं.

"सांगा, आता कोणाचा रोग उतरला? आंबट लागलं की तांब्याचा गंज विरघळते. जहर आहे ते, म्हणून ओकारी! धडधाकट माणसासाठी हा घासलेलं नाणं टाकते, अन् लिंबू पिळतच नाही. पाहा त्याची झोळी!"

झोळीतून दोन पुड्या निघाल्या. एकीत लखलखीत नाणी, दुसरीत गंजकी. बाबा पळायला लागला, पण लोकांनी त्याला धरला.

झुंबरबाईनं माझ्याकडे पाहिलं. "त्या बाबाले कोण ओळखत होतं, मास्तर? तुमी अस्सल म्हणलं म्हून म्या पाजलं."

गाडीवान फकीर मोहम्मदनं आपला छकडा जुंपला. मेहकरच्या दवाखान्यापर्यंत पोरीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डॉक्टरनं आधी मीठपाणी पाजलं, मग तापावर कोयनेल, म्हणजे क्विनाइन दिलं. चौथ्या दिवशी तिनं भाकर मागितली.

तेव्हापासून वर्गात मी पोरांना एकच सांगतो. मला नाण्यांतलं कळतं, तापातलं कळत नाही. तापाचं डॉक्टरला विचारा. आणि डॉक्टर असो की मास्तर, कोणीही काही सांगितलं तरी आधी कारण विचारा, "काऊन?"