साहेबाचे चार किलो

आमच्या कुत्र्याचं नाव साहेब. माझ्या वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानात दारातच पसरलेला असतो, आणि त्याला ओलांडल्याशिवाय कुणाला आत येता येत नाही.

माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी तीन आठवडे आराम सांगितला. मी ताईकडे राहायला गेलो. तिच्या बिल्डिंगीत कुत्रं चालत नाही, म्हणून साहेबाला पथ्यरावाकडे सोडलं.

पथ्यराव म्हणजे आमच्या गल्लीतला चष्मेवाला. लोकांच्या डोळ्यांपेक्षा पोटात त्याला जास्त रस. 'हे खाऊ नकोस, ते शिजवून खा, प्रत्येक घास बत्तीस वेळा चावून खा.' दोस्त जुना, पण जीभ आवरत नाही.

परत आलो तर साहेबाच्या बरगड्या मोजता येत होत्या. मी हाक मारली, तर शेपूट हलवायला भिंतीचा आधार घेतला बिचाऱ्यानं.

"काय खायला घातलंस याला?"

"उकडलेला दुधी आणि गाजर," पथ्यराव छाती फुगवून म्हणाला. "तुझ्याच काट्यावर उभा कर. बावीसचा अठरावर आणलाय! पूर्ण चार किलो!"

"अरे, तो म्हातारा कुत्रा आहे. त्याला मटण लागतं."

"मटणानंच तर तुझं पित्ताशय गेलं," म्हणाला आणि हसला.

ते हसू मी डोक्यात जपून ठेवलं. तेव्हाच ठरवलं, साहेबाचे चार किलो याच्या अंगावरून वसूल करायचे. आणि कुत्र्याला उपाशी मारलं हे याच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

दर शनिवारी दुपारी पथ्यराव, मी आणि शेजारचा टेलर असे तिघं माझ्या दुकानात चहा प्यायचो. विषय ठरलेले. टेलरची ॲसिडिटी, माझे टाके, पथ्यरावाचं बीपी. चहा झाला की पथ्यराव काट्यावर चढायचा. त्याला अठ्ठ्याहत्तरवरून चौऱ्याहत्तरवर यायचं होतं.

तो काटा माझ्या टेबलाला चिकटून असतो. फळीची एक कड टेबलाखाली येते, आणि तबकडी वर, डोळ्यांसमोर. त्याचे डोळे तबकडीवर, माझा पाय टेबलाखाली. इतकी वर्षं काटे दुरुस्त केलेत, माझ्या अंगठ्याला अर्धा किलो बरोबर कळतो.

पहिल्या शनिवारी खरं वजन साडेसत्याहत्तर होतं. मी अर्धा किलो दाबला. अठ्ठ्याहत्तर!

"अरे, जेवणात काही कमी करता येईल का बघ," मी म्हणालो. आवाजात काळजी किती टाकली होती, स्वतःचंच कौतुक वाटलं.

पुढच्या आठवड्यात त्यानं पोळी सोडली. मी एक किलो दाबला. मग भात सोडला. दोन किलो. पाचव्या शनिवारी तो म्हणाला, "चहात साखर नको. दूधही नको."

"मग गरम पाणीच म्हण की त्याला," टेलर म्हणाला.

टेलरला मी सगळं सांगितलेलं होतं. पण त्याचीही एक पंचाईत होती. "बाबा, मी त्याची पँट दोनदा आत घेतली. कमरेत दोन इंच गेलेत. विचारेल ना तो मला?"

विचारलंच. पण उत्तरही पथ्यरावानंच दिलं. "कंबर उतरते पण वजन नाही, म्हणजे हाडं भरतायत माझी!"

टेलर तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला.

मला भीती वेगळीच होती. आधी ढेरीपलीकडे त्याला स्वतःचेच पाय दिसत नव्हते. ती उतरायला लागली, तसा माझा अंगठा दिसायचा धोका वाढला. म्हणून मी काळा मोजा घातला.

सातव्या शनिवारी मी पूर्ण चार किलो दाबले. अठ्ठ्याहत्तर! पथ्यराव काट्यावरून उतरला आणि स्टुलावर बसला. ओठ कोरडे, डोळे खोल. साहेबाचं अगदी असंच होतं, मी परत आलो त्या दिवशी.

"मी वर घरातून साखर घेऊन येतो," मी म्हणालो आणि जिन्याला लागलो. साहेबाचं ताट दाराशीच होतं, कोंबडीचा भात, नुकताच कालवलेला.

खाली आलो तर पथ्यराव जमिनीवर, ताटासमोर. गाल फुगलेले, मिशीत भाताची शितं. साहेब बाजूला बसून त्याच्याकडे बघत होता. भुंकत नव्हता, नुसता बघत होता.

"काय करतोयस?"

तो दचकला, पण मूठ सोडली नाही. "भूक लागली रे," म्हणाला. घास गिळला. मग साहेबाकडे बघून त्याचा आवाज उतरला. "याला... याला मी असंच ठेवलं होतं ना? तीन आठवडे? दुधीवर?"

"हो."

"सांगायचं ना कुणीतरी."

"तो भुंकत होता की नाही तुझ्याकडे?"

"रोज. मला वाटायचं, घराची आठवण येते त्याला." मग त्यानं चारही बोटांनी उरलेला भात गोळा केला आणि साहेबासमोर धरला. "माफ कर रे बाबा."

साहेबानं भात खाल्ला, बोटं चाटली, मग मिशी चाटली. त्याचा हिशोब चुकता झाला असावा. कुत्री फार मोठ्या मनाची असतात. मी कुत्रा नाही.

आता खरं सांगून टाकावं असं मनात आलं होतं. पण विचार केला, खरं सांगितलं तर काय होईल? चार किलो उतरल्याचं ऐकून हा गल्लीभर नाचेल आणि उद्यापासून सगळ्यांना दुधी उकडायला लावेल. शिक्षा राहील बाजूला, बक्षीसच मिळेल.

पण माफी मागितली होती ना त्यानं. तेवढं तरी देणं भाग होतं.

"चढ बरं परत," मी म्हणालो.

"आत्ता? एवढं खाऊन?"

"चढ रे."

तो चढला. मी अंगठा अर्धाच उचलला. शहात्तर!

"दोन किलो कमी!" तो ओरडला. "कोंबडीनं!"

टेलरनं पुन्हा रुमाल काढला. पथ्यराव आता दर शनिवारी साहेबासाठी कोंबडी घेऊन येतो, आणि आपल्यासाठीही.

उरलेले दोन किलो अजून माझ्या अंगठ्याखाली आहेत. पथ्यरावानं पुन्हा कधी कुणाच्या ताटात नाक खुपसलं, तर कामाला येतील.