नानांनी पाहिलेला सिंह

दिगंबरने ओल्या शाडूच्या सिंहाच्या पोटाखालून एक काप काढला. दुसरा काढणार, तोच अपेक्षाने त्याचं मनगट धरलं.

“बाबा, थांबा. हे का तासताय?”

“मग काय लोंबतं ठेवू? देवीचं वाहन आहे, म्हातारी म्हैस नव्हे.”

नवरात्र तोंडावर आलं होतं. कसबा पेठेतल्या या कारखान्यात देवीचा सिंह तीन पिढ्या एकाच साच्यातून निघत होता. साचा दिगंबरच्या आजोबांनी, नानांनी केलेला. त्यातून येणाऱ्या प्रत्येक सिंहाच्या पोटाखाली कातडीची सैल घडी असायची आणि आयाळ इतकी तोकडी, की कान उघडेच. नानांचा हात तिथे चुकला, असं वडील सांगत. घडी तासायची, आयाळ थापून कान झाकायचे, हे काम दिगंबर पंधराव्या वर्षापासून करत आला होता. आजोबांची चूक आपण कुणाला दिसू दिली नाही, याचा त्याला भारी अभिमान होता.

त्याची ही लेक मातीत रमली नाही. ती सिंहांचा अभ्यास करायला गीरच्या जंगलात गेली आणि कालच सुट्टीवर आली होती. तिने मोबाइल त्याच्यापुढे धरला. टेकाडावरून एक नर सावकाश उतरत होता. आयाळ तोकडी, कान उघडे, आणि पोटाखाली चालीबरोबर हलणारी घडी.

“गीरच्या सिंहाची ओळखच आहे ही. पणजोबांना कसं ठाऊक?”

दिगंबरने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

तरुणपणी नाना गिरनारला दत्तदर्शनाला गेले होते. परत येताना जंगलात सिंह आडवा आला, तो जाईपर्यंत मी जागचा हललो नाही, असं ते सांगत. घरात कुणाचाच विश्वास बसला नाही. कुणी जरा फुगवून बोललं, की ‘झालं, यानेही सिंह पाहिला!’ असं म्हणून सगळे हसत. पुढे नानांनी ती गोष्ट सांगणंच सोडलं. हसणाऱ्यांत दहा वर्षांचा दिगंबरही होता.

“बाबा, काय झालं?”

“काही नाही. नाना खरं बोलत होते.”

त्याने हातातली कोरणी बाजूला ठेवली.

तेवढ्यात मंडळाचा रोहन मूर्ती बघायला आला.

“काका, सिंह यंदा रोडावलेला वाटतोय. आयाळ भरा की जरा. गेल्या वर्षी कसला भारी होता!”

“गेल्या वर्षीचा चुकला होता.”

“तुमचा? आणि चुकला?”

“सत्तेचाळीस वर्षं चुकतोय. यंदा असाच मिळेल. पटत नसेल तर गुबगुबीत सिंह बाजारात ढिगाने आहेत.”

अपेक्षाने हसू दाबलं. रोहन डोकं खाजवत खाली वाकला आणि बराच वेळ बघत राहिला.

“कान मात्र एकदम जिवंत आहेत हो. कुणी केलाय?”

दिगंबरने मघाशी काढलेला काप उचलला, पाण्याचं बोट लावलं आणि सिंहाच्या पोटाखाली होता तिथे हलकेच बसवला.

“आमच्या नानांनी,” तो म्हणाला. “त्यांनी सिंह पाहिला होता.”