राखणदाराचा वाटा

"ओइवा, सौना तापव! आत्ताच्या आत्ता!"

हेल्वीने सायकल कुंपणावर लोटून दिली. टोपी कानावर घसरलेली, दम लागलेला, पण चेहरा कसा फुललेला. तिचा नवरा पायरीवर बसून मासे धरायच्या जाळ्यातल्या गाठी सोडवत होता.

"आज गुरुवार," ओइवा म्हणाला. "सौनातलं वाफेचं न्हाणं शनिवारी. तुझ्या त्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात वारही बदलले की काय?"

"चेष्टा पुरे, म्हाताऱ्या. सरपण आण!"

इस्पितळाच्या धोबीखान्यात जन्मभर चादरींना इस्त्री करून हेल्वी निवृत्त झाली होती, आणि आता संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागली होती. आज बाईंनी प्रत्येकाला विचारलं, थक्क होऊन उभे राहिलात असं काय पाहिलंत? कुणी तारे सांगितले, कुणी नातवाचा जन्म. "माझ्या नशिबी नुसती वाफ," हेल्वी म्हणाली आणि वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. सौनातल्या तापल्या दगडांवर पाणी टाकलं की उठते तीही वाफच, तिला आपण 'लोयल्यू' म्हणतो. या शब्दाचा जुना अर्थ प्राण, असं त्यांनी सांगितलं.

प्राण! हेल्वीच्या अंगावर सरसरून काटा आला. जन्मभर हा शब्द तिच्या तोंडात होता आणि तिला पत्ता नव्हता. येताना वाटभर तिला एकच गोष्ट दिसत होती. सौनातून निघताना ओइवा मागे वळून दगडांवर शेवटचं पाणी टाकतो. सौनाच्या अदृश्य राखणदाराचा वाटा म्हणून गावात सगळेच टाकतात. पण ओइवा तर देवालाही हसणारा आणि राखणदारालाही. त्याने हे सुरू केलं ते काउको गेल्यावर. त्यांचा एकुलता एक काउको, तळ्यावरचा बर्फ फुटून बुडाला होता. त्या दिवसापासून ओइवाने मुलाचं नाव घेतलं नव्हतं. हा बाप विसरला, ही अढी हेल्वीने इतकी वर्षं मनात जपली होती.

सौना तापला. दोघं फळीवर शेजारी बसली, घामाने निथळली. तिला विचारायचा धीर होत नव्हता. शेवटी ओइवा उठला, बादलीतून लाकडी डाव भरला आणि अर्धा परत ओतला.

"राखणदाराला एवढंच?" हेल्वी म्हणाली. "कंजूष कुठला!"

ओइवाने डाव दगडांवर धरला, पण ओतला नाही.

"काउकोला फार गरम सोसायचं नाही," तो म्हणाला. "खालच्या फळीवर बसायचा बघ."

हेल्वीला रडू फुटलं आणि त्यातच हसूही. इतकी वर्षं, वेडी मी! ती उठली आणि त्याचा डाव धरलेला हात तिने हातात घेतला. दोघांनी मिळून पाणी टाकलं. दगड हलकेच चुरचुरले. वाफ छतापर्यंत गेली आणि सावकाश खाली आली.

नेहमी दोघं लगेच बाहेर पडत. आज मात्र दोघंही खालच्या फळीवर येऊन बसली, मध्ये एकाची जागा सोडून.